‘येते’ म्हणण्याआधी



आपल्या धर्मग्रामातील मुले-मुली आता शिक्षणासाठी दूरदूरच्या देशांत जातात. जाण्याआधी घरी प्रार्थना होते, फादरांचा आशीर्वाद घेतला जातो, नातेवाईक भेटून जातात, विमानतळावर गाड्या भरून माणसे पोहोचवायला जातात. मूल परत येते तेव्हाही तसाच आनंद असतो. या दोन्ही प्रसंगांविषयी आपण पुष्कळ बोलतो. परंतु परदेशातील शेवटच्या चार-सहा आठवड्यांविषयी कोणी फारसे बोलत नाही. परीक्षा संपत आलेली असते, तिकीट काढून झालेले असते, मन केव्हाच घरी पोहोचलेले असते आणि शरीर मात्र अजून तिथेच असते.

या आठवड्यांत एक नैतिक प्रश्न दडलेला आहे, असे मला वाटते. जी जागा आपण कायमची सोडणार आहोत आणि जिथली माणसे बहुधा आपल्याला पुन्हा कधी भेटणार नाहीत, त्यांचे आपण काय देणे लागतो? एखादा म्हणेल, भाडे दिले, फी भरली, कोणाचे काही बाकी ठेवले नाही, मग देणे कसले? हा हिशेब पुरेसा आहे का, हे आज आपण पाहू.

आपल्या वसईतील एक विद्यार्थिनी स्पेनमधील सालामांका या शहरात एका वर्षाच्या अभ्यासक्रमासाठी गेली होती. तिच्या संमतीने, नाव न देता, तिची हकिगत येथे सांगतो.

सालामांका हे विद्यार्थ्यांचेच गाव. तेथील विद्यापीठाची स्थापना 1218 साली झाली. तोर्मेस नदीच्या काठी, समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटर उंचीवर हे शहर वसले आहे. इमारती पिवळसर दगडाच्या. संध्याकाळचे ऊन पडले की सगळे गाव सोन्याचे दिसू लागते. विद्यापीठाच्या दर्शनी भिंतीवरील नक्षीत एका कवटीवर बसलेला छोटासा बेडूक कोरलेला आहे. तो ज्याला सापडेल तो परीक्षेत पास होतो, असा तेथील मुलांचा गमतीचा समज आहे. जुन्या भिंतींवर लाल रंगात डॉक्टरेट मिळवलेल्यांची नावे लिहिलेली दिसतात. सप्टेंबरमध्ये गाव मुलांनी भरते, आणि जून-जुलै आला की रिकामे होऊ लागते. शेकडो वर्षे हे असेच चालले आहे. म्हणजे निरोप घेणे ही तेथील लोकांना नवी गोष्ट नाही.

ही मुलगी ऐंशी वर्षांच्या एका विधवा बाईंच्या घरी राहत होती. बाईंचा मुलगा बार्सेलोनात नोकरीला. घरात एक खोली रिकामी. भाडे थोडेच घ्यायचे आणि मुलीने संध्याकाळी सोबत करायची, असे ठरले होते. सुरुवातीला मुलीला स्पॅनिश धड बोलता येत नव्हते. पण मसुरासारखी डाळ घालून केलेले कालवण पहिल्यांदा पानात आले तेव्हा तिला घरची आठवण झाली. रविवारी दोघी मिस्साला जात. भाषा कळली नाही तरी कोणत्या क्षणी उभे राहायचे आणि कोणत्या क्षणी गुडघे टेकायचे हे मुलीला ठाऊक होते. रात्री रोझरी म्हणताना बाई पहिला अर्धा भाग स्पॅनिशमध्ये म्हणत आणि मुलगी उत्तराचा भाग मराठीत. बाई तिला ‘इहा’ म्हणत. त्यांच्या भाषेत इहा म्हणजे मुलगी, लेक.

मे महिन्यात एका संध्याकाळी बाईंनी विचारले, “तू परत कधी येशील?” मुलगी सहज बोलून गेली, “नाताळला नक्की येईन.” तिला ठाऊक होते की ते शक्य नाही. शिक्षणासाठी काढलेले कर्ज फेडायचे होते, धाकटा भाऊ अजून शिकत होता, आणि स्पेनचे तिकीट काही एस.टी.चे तिकीट नव्हे. पण बाईंचा चेहरा पाहून तिला ‘नाही’ म्हणवेना. त्यात वाईट हेतू मुळीच नव्हता.

पुढे पंधरा दिवसांनी तिला कळले की सप्टेंबरपासून खोली मागायला आलेल्या एका विद्यार्थिनीला बाईंनी नकार दिला होता. कारण विचारल्यावर म्हणाल्या, “खोली दिली तर नाताळात तू कुठे राहशील?”

मुलीला त्या रात्री झोप लागली नाही. तिने घरी आईला फोन केला. आई म्हणाली, “अगं, म्हातारं माणूस आहे, राहू दे की आशेवर. चार महिन्यांत विसरून जातील.” आईचे बोलणेही मायेपोटीच होते. बंधुभगिनींनो, तुम्ही-आम्ही असतो तर वेगळे काय सांगितले असते?

आता थोडा विचार करू. आपण मराठी माणसे घरातून निघताना ‘जातो’ असे कधी म्हणत नाही. ‘येतो’, ‘येते’ म्हणतो. मुंबईला निघालेला माणूसही ‘येतो’ म्हणतो आणि आफ्रिकेला निघालेलाही ‘येतो’ म्हणतो. ते खोटे असते का? नाही. स्पेनमध्येही जिन्यात भेटलेल्या अनोळखी माणसाला ‘आस्ता लुएगो’ म्हणतात. म्हणजे ‘थोड्या वेळाने भेटू’. प्रत्यक्षात त्यांची भेट पुन्हा कधी होतच नाही. तरीही कोणी कोणाला फसवलेले नसते, कारण बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही ती रीत ठाऊक असते. त्या शब्दावर कोणी काही बांधत नाही.

पण ‘नाताळला नक्की येईन’ या वाक्यावर त्या बाईंनी काहीतरी बांधले. एक भाडेकरू नाकारला. थंडीच्या दिवसांतली सोबत नाकारली. तेथे हिवाळा कडक असतो, संध्याकाळ लवकर होते. बोलणारीच्या दृष्टीने तो एक गोड शब्द होता. ऐकणारीने त्यावर आपला सगळा हिवाळा ठेवला होता. शिष्टाचार आणि असत्य यांतला फरक ओळखायची एक साधी खूण मला इथे दिसते. माझ्या शब्दावर समोरचा माणूस आपले काही ठरवणार आहे का? ठरवणार असेल, तर तो शब्द खरा असलाच पाहिजे.

संत ऑगस्टीन यांनी असत्याविषयी स्वतंत्र ग्रंथ लिहिले आणि कोणतेही असत्य, अगदी दुसऱ्याच्या भल्यासाठी बोललेलेही, त्यांनी योग्य मानले नाही. आपल्याला हे फार कठोर वाटते. परंतु त्या बाईंच्या रिकाम्या खोलीकडे पाहिले की या कठोरपणातली दया दिसू लागते. दयेपोटी बोललेले असत्य बहुधा आपली स्वतःची अडचण टाळण्यासाठी असते. त्या क्षणीचे अवघड बोलणे टळते, आणि त्याची किंमत नंतर दुसरा माणूस भरतो. तोही आपण तिथे नसताना.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात संत पौलाच्या एका निरोपाची हकिगत आहे. पौलाला पन्नासाव्या दिवसाच्या सणाला यरुशलेम गाठायचे होते. वेळ जाऊ नये म्हणून त्याने इफिस शहरात जाणे टाळले आणि मिलेत येथे थांबला. पण इतकी घाई असूनही त्याने निरोप पाठवून इफिसच्या वडीलजनांना तेथे बोलावून घेतले. आपण कोणाच्या सोन्यारुप्याचा लोभ धरला नाही, स्वतःच्या हातांनी कष्ट केले, हे त्याने त्यांना सांगितले. आणि हेही स्पष्ट सांगितले की आता तुम्ही माझे तोंड पुन्हा पाहणार नाही. ते ऐकून ती मोठी माणसे त्याच्या गळ्यात पडून रडली. त्याआधी सर्वांनी गुडघे टेकून प्रार्थना केली होती, आणि मग ते त्याला तारवापर्यंत पोहोचवायला गेले. पौलाला ‘बघू, येईन पुढच्या वर्षी’ म्हणणे कठीण नव्हते. पण त्याने त्यांना खरे सांगितले, म्हणून त्यांना खरे रडता आले आणि खरी प्रार्थना करता आली. खोट्या आशेवर ठेवलेल्या माणसाला निरोपसुद्धा घेता येत नाही.

दुसरा मुद्दा वागणुकीचा. आपल्या गावात आपण बरेचदा चांगले वागतो, कारण उद्या त्याच माणसांना तोंड दाखवायचे असते. दुकानदार ओळखीचा, शेजारी नात्यातला, चर्चमध्ये सगळे एकमेकांना पाहणारे. परदेशातील शेवटच्या आठवड्यांत हा धाक उरत नाही. वाचनालयाचे पुस्तक परत केले नाही तर कोण वसईपर्यंत मागायला येणार आहे? स्वयंपाकघराची साफसफाई सोबत राहणाऱ्या मुलींवर टाकली, कोणाचे उसने वीस युरो द्यायचे राहिले, कोणाशी झालेले भांडण तसेच सोडून दिले, तर काय बिघडते? विमान सुटले की सगळे मागे पडते. म्हणूनच आपला चांगुलपणा खरा की लोकांच्या धाकाचा, हे या दिवसांत कळते. मेजवानीला अशांना बोलवा, जे तुमची परतफेड करू शकत नाहीत, असे प्रभू येशूने शिकवले. ज्यांची आणि आपली गाठ पुन्हा पडणार नाही, तेही याच यादीतले आहेत.

याच सालामांका शहरातील एक जुनी घटना येथे आठवते. 1527 साली लोयोलाचे संत इग्नेशियस तेथे शिकायला आले. त्या वेळी ते धर्मगुरू नव्हते. वयाने मोठे झालेले एक गरीब विद्यार्थी होते. लोकांना आध्यात्मिक गोष्टी सांगतात म्हणून त्यांच्याविषयी संशय निर्माण झाला आणि चौकशीसाठी त्यांना 22 दिवस तुरुंगात ठेवण्यात आले. त्यांचे दोन सोबती खालच्या बाजूला इतर कैद्यांबरोबर होते. एके रात्री तुरुंगातील सगळे कैदी पळून गेले. सकाळी लोक पाहतात तो काय, दारे सताड उघडी आणि हे दोघे तेवढे आत बसलेले! गावात याची मोठी चर्चा झाली. शेवटी निर्णय लागला, इग्नेशियस दाराने बाहेर पडले, आणि काही काळाने सालामांका सोडून पॅरिसला गेले. पॅरिसमध्ये त्यांची गाठ फ्रान्सिस झेवियर यांच्याशी पडली. तेच संत फ्रान्सिस झेवियर 1542 साली गोव्याला आले आणि पुढे आपल्या वसईलाही आले.

दार उघडे असणे वेगळे आणि जायची वेळ होणे वेगळे. हिशेब पुरा करून, ज्याचे त्याच्या हाती देऊन जो निघतो, त्याचेच निघणे खरे.

तिसरा मुद्दा वेळेचा. शेवटच्या आठवड्यांत मुलांची धावपळ सुरू होते. अमुक शहर पाहायचे राहिले, तमुक किल्ला राहिला, आईसाठी शाल घ्यायची राहिली. 23 किलोच्या बॅगेत काय बसेल आणि काय नाही, याची काळजी. त्यातच पुढची चिंता: नोकरी मिळेल का, कर्जाचा हप्ता कधी सुरू होईल? असे करता करता ते दिवस ना इथले राहतात ना तिथले.

आविलाची संत तेरेजा 1570 साली सालामांकात मठ स्थापन करायला गेली. तिला मिळालेले घर आधी विद्यार्थ्यांकडे होते. त्यांना बाहेर काढून ते रिकामे करून घ्यावे लागले. मृतांच्या सणाच्या आदल्या रात्री त्या मोठ्या, रिकाम्या घरात तेरेजा आणि तिच्याबरोबरची एक सिस्टर अशा दोघीच होत्या. एखादा विद्यार्थी अजून कुठेतरी लपून बसला असेल, या भीतीने त्या सिस्टरला झोप येईना. शेवटी तिने तेरेजाला विचारले, मी आत्ता इथे मेले तर तुम्ही एकट्या काय कराल? तेरेजाचे उत्तर अशा अर्थाचे होते की, तसे झाले म्हणजे तेव्हा पाहीन. आता मला झोपू दे. हा प्रसंग तेरेजाने स्वतःच लिहून ठेवला आहे. आपल्याला हसू येते, पण त्यात मोठे शहाणपण आहे. उद्याचे काम उद्या करावे. आज जे माणूस समोर आहे, जे काम हाती आहे, त्याला आजचा दिवस द्यावा.

प्रभूने बरे केलेल्या दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट आपण जाणतो. नऊ जण गेले, त्यांनी गुन्हा केला नव्हता. प्रभूनेच त्यांना याजकांकडे जायला सांगितले होते, आणि बरे झालेल्या माणसाला घराची ओढ लागणारच. त्यांचे मन पुढे धावले, एवढेच. एक जण मात्र थांबला, मागे वळला आणि आभार मानून मग पुढे गेला. तो परदेशी होता, याची नोंद शुभवर्तमानाने मुद्दाम केली आहे. आभार मानायला थांबावे लागते, आणि शेवटच्या आठवड्यांत सगळ्यांत महाग काय असेल, तर हे थांबणे.

परदेशातून आपली मुले काय घेऊन येतात, हे आपण पाहतो: पदवी, भाषा, चॉकलेट. ती तेथे काय ठेवून येतात, हे आपण विचारत नाही. सालामांकाच्या भिंतीवर लाल अक्षरांत नाव लागायला डॉक्टरेट लागते. साध्या विद्यार्थ्याचे नाव माणसांच्या मनातच राहते, चांगले किंवा वाईट. आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया लहान वयातच घर सोडून जपानला गेले. पुढे फिलिपाइन्समध्ये ते फ्रान्सिस्कन बंधू झाले आणि 1593 साली पेद्रो बाउतिस्ता या स्पॅनिश धर्मगुरूंचे दुभाषे म्हणून पुन्हा जपानला गेले. हे पेद्रो बाउतिस्ता तरुणपणी सालामांकातच शिकलेले. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकी येथे दोघांनाही इतर 24 जणांबरोबर क्रुसावर मारण्यात आले. गोन्सालो वसईला परतले नाहीत. जपानी त्यांची मातृभाषा नव्हती, स्पॅनिशही नव्हती. पण दोन परक्या भाषांच्या माणसांमध्ये उभे राहून ते एकाचा शब्द दुसऱ्याला खरा करून सांगत राहिले. दुभाषाने शब्द बदलला, तर दोघांचीही फसवणूक होते. परक्या मुलखात आपण बोललेल्या शब्दाची जबाबदारी काय असते, हे आपल्याच गावच्या संताकडून शिकावे.

त्या मुलीने काय केले? जूनमधल्या एका रविवारी मिस्साहून आल्यावर तिने जेवणाच्या टेबलाशी बाईंना सगळे सांगितले. कर्जाचा आकडा सांगितला, भावाचे शिक्षण सांगितले, आणि पुढची बरीच वर्षे मला येता येणार नाही, मी मे महिन्यात जे बोलले ते खरे नव्हते, असेही सांगितले. बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि भांडी आवरत राहिल्या. तो दिवस दोघींनाही जड गेला. दुसऱ्या दिवशी बाईंनी खोली मागायला आलेल्या त्या विद्यार्थिनीला फोन करून विचारले, की तुला अजून खोली हवी आहे का? तिला हवी होती.

राहिलेले तीन आठवडे मुलगी सहलीला कोठे गेली नाही. प्रबंधाचे काम आटोपून ती संध्याकाळी बाईंबरोबर मोठ्या चौकात, प्लाझा मायोरमध्ये, जाऊन बसे. वाचनालयाची पुस्तके परत केली. वर्गातल्या एका मुलीशी जानेवारीपासून अबोला होता, तिला जाऊन भेटली. बाईंना तिने मोठे आश्वासन दिले नाही. एक छोटे दिले. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी फोन करीन. आजवर तो रविवार चुकलेला नाही.

निघायच्या दिवशी सवयीने ती दारात ‘आस्ता लुएगो’ म्हणाली. बाईंनी मान हलवली. म्हणाल्या, “ते जिन्यातल्या शेजाऱ्यांसाठी. आज आदिओस म्हण.” आदिओस या शब्दाची मूळ फोड ‘देवाकडे’ अशी आहे. मी तुला सांभाळू शकत नाही, तू मला सांभाळू शकत नाहीस, म्हणून एकमेकींना देवाच्या हाती देऊ, असा त्याचा भाव. आपल्या ‘येते’मध्ये भेटीची आशा आहे आणि त्यांच्या ‘आदिओस’मध्ये देवावरची श्रद्धा आहे. ख्रिस्ती माणसाला दोन्ही शब्द लागतात, कारण आपली शेवटची भेट देवाच्याच घरी व्हायची आहे.

हा विषय केवळ परदेशी गेलेल्या मुलांचा नाही. फादरांची बदली होते, नोकरीतून कोणी निवृत्त होतो, जुने घर सोडून कोणी इमारतीत राहायला जातो, आपल्या गावात भाड्याने राहिलेली नर्स आपल्या राज्यात परत जाते. त्या शेवटच्या आठवड्यांत आपण हिशेब पुरे करतो का, अबोला सोडतो का, न जमणारी आश्वासने देतो का, हे प्रत्येकाने पाहावे. आणि एक दिवस आपल्या सर्वांनाच हे जग सोडायचे आहे. त्या वेळी तारीख आधी कळेलच असे नाही. म्हणून निरोप घेण्याची सवय लहान निरोपांतूनच लागायला हवी.

पालकांना एक विनंती. तुमचे मूल परतीच्या तयारीत असेल तेव्हा ‘तिकीट नीट ठेव’ आणि ‘सामान जास्त करू नकोस’ एवढेच सांगू नका. तिथे कोणी तुला जेवू घातले, कोणी आजारपणात विचारपूस केली, त्यांना भेटलास का, कोणाचे काही द्यायचे राहिले आहे का, हेही विचारा.

आजच्या मिस्सामध्ये आपण परतीच्या वाटेवर असलेल्या सर्व विद्यार्थ्यांसाठी प्रार्थना करू या. आणि ज्यांच्या घरातली खोली या महिन्यात पुन्हा रिकामी होणार आहे, त्या अनोळखी आई-वडिलांसाठी आणि आजी-आजोबांसाठीही. देव त्यांना सोबत देवो.